टेंभुर्णीपर्यंतची पैज

माझी गाडी रोज सकाळी खाली बसलेली असायची. म्हणजे अक्षरशः. रात्री उभी केली तेव्हा चारी चाकांवर ताठ, आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत पोट जमिनीला टेकायला आलेलं. या जातीच्या महागड्या गाड्यांना स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे असतात. फुगा जुना झाला की चिरतो, हवा हळूहळू निघून जाते आणि गाडी बसते. हे मला गाडी घेतल्यानंतर कळलं. घेण्याआधी मला एवढंच कळलं होतं की तिच्यात बसून दार लावलं की बाहेरचं सोलापूर ऐकू येत नाही.

शाळेचे गणवेश शिवण्याचा माझा धंदा आहे. घराच्या मागच्या खोलीत एका मशीनवर सुरू केला, आता भाड्याच्या हॉलमध्ये बायकांना काम देण्याइतका झाला आहे. इतकी वर्षं मी स्कुटीवरून फिरले. पायाशी कापडाचा गठ्ठा, मागे गठ्ठा, आणि मधे मी. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या कामगारांचे कपडे माझ्याकडे शिवायला असतात. त्या कारखान्याच्या शेडमध्ये ही काळी जर्मन गाडी धूळ खात उभी दिसायची. एक दिवस मालक म्हणाले, "ताई, मुलाला उंच गाडी हवी होती, त्यानं ती घेतली. ही नुसती उभी हाय. न्या तुमी." किंमत सांगितली ती नव्या छोट्या गाडीच्या निम्मी होती. मी जागेवर हो म्हणाले. घरी विचारलं नाही.

घरी विचारलं नाही याचं कारण सोपं आहे. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

आमचे हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. पाण्याची मोटर किती वेळ चालली याच्यावरही त्यांचं लक्ष असतं. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "गाडी स्वस्त मिळती. पार्ट स्वस्त मिळत न्हाईत." त्यांचं म्हणणं पुढे शब्दशः खरं ठरलं आणि त्याचा मला आजही राग येतो.

पण तेव्हा मी हवेत होते. एक गोष्ट मी कुणाजवळ बोलले नव्हते. घर यांच्या नावावर आहे. धंद्याचा परवाना सुरुवातीला यांच्याच नावावर काढला होता, कारण तसं सोपं पडतं असं सगळे म्हणाले. स्कुटीसुद्धा यांच्या नावावरची. या गाडीच्या कागदावर मात्र माझं नाव आलं, पूर्ण, माझ्या पैशानं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला त्याचं एवढं काय वाटावं, असं कुणी म्हणेल. मला वाटलं. गाडीच्या नोंदणीचं ते कार्ड मी पर्समध्ये ठेवलं आणि सिग्नलला थांबले की काढून बघायची.

मग खर्च सुरू झाले. पुढच्या एका फुग्याची किंमत ऐकून मी फोनवर म्हणाले, "दोन्हीची मिळून का?" पलीकडचा म्हणाला, "एकाची." सत्तर हजारांच्या घरात. शेवटी पुण्याहून दुरुस्त केलेले जुने फुगे निम्म्या पैशात मागवून बसवले. ते जमतं न जमतं तोवर पाणी फिरवणारा पंप गेला. या गाड्यांमध्ये इंजिनाजवळ पाण्याच्या प्लास्टिकच्या नळ्या असतात. कुणा थंड देशातल्या माणसानं त्या बनवल्या असतील, त्याला आमचा एप्रिल-मे कुणी सांगितला नसावा. मिस्त्रीनं हात लावला की त्या बिस्किटासारख्या तुटायच्या. बॅटरी डिकीत असते आणि साध्या गाडीच्या तिप्पट किमतीची असते. इंजिनाचं तेल झिरपून पोर्चच्या फरशीवर डाग पडला, तो आजही आहे. किल्ली हरवली तर नवी पस्तीस हजारांना येते हे समजल्यापासून मी ती कमरेला लावते.

हे सगळं मी सहन केलं. जुन्या गाडीचं हे येणारच, आणि एकदा केलेलं काम दोन-चार वर्षं टिकतं. होटगी रोडला माझा एक मिस्त्री आहे, हाताला चांगला, तोंडाला फटकळ. इंजिन, फुगे, ब्रेक हे त्यानं नीट केलं. अवघड प्रकरण त्यानंतरचं.

पहिल्या पावसाळ्यानंतर गाडीला वेड लागलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. कडकडीत उन्हात वायपर आपोआप फिरायचे. काच वर केली की ती थोडा वेळ विचार करून खाली यायची. एकदा भाजीबाजारापुढे डिकी आपोआप उघडली आणि मी काहीतरी विकायला आणलंय असं समजून एका माणसानं आत डोकावून बघितलं. समोरच्या काट्यांच्या मधे एकामागून एक दिवे लागायचे. पिवळा, लाल, परत पिवळा. आणि कधी कधी गाडी चालूच व्हायची नाही. नणंदेच्या घरचं कार्य होतं, तिथे मंगल कार्यालयाच्या दारात गाडीनं जीव सोडला. टेम्पोला दोरी बांधून ती घरी आणली. गल्लीतले लोक बाहेर येऊन उभे होते. पुढे बसून मी स्टिअरिंग धरलं होतं आणि मान खाली घालायची नाही एवढंच मनाशी म्हणत होते.

मिस्त्री दोन दिवस डोकं खाजवून म्हणाला, "ताई, इंजिन हमारे कने छोडो, वो हम देख लेते. ये लाइटाँ का चक्कर नक्को. पुनेकू दिखाव."

या सगळ्यात गाडीवर घरातलं एकच माणूस माझ्याइतकं जीव लावून होतं. माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. माढा तालुक्यात त्यांचं माहेर, बैलगाडीत बसून लग्नाला आलेल्या. गाडी घरात आली त्या दिवशी त्यांनी तिला घरात येणाऱ्या सुनेसारखं उंबऱ्याबाहेर थांबवलं, तांब्याभर पाणी तिच्या पुढच्या अंगावर ओतलं, हळदकुंकू लावलं आणि मग आत घेतलं. तेव्हापासून दर शुक्रवारी पूजा. काचेच्या खालच्या अंगाला, बॉनेटच्या कडेला, झेंडूची फुलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता, एक सुपारी, आणि वरून तांब्याभर पाणी. "लक्ष्मी हाय ती. लक्ष्मीला कोरडं ठिवू न्हाय," असं त्यांचं म्हणणं.

गाडी बिघडायला लागली तशा त्या घाबरल्या. "कुनाची तरी दिष्ट लागली की गं," म्हणाल्या. मग शुक्रवारच्या जोडीला मंगळवार सुरू झाला. मग अमावास्या. अक्षतांची मूठ मोठी झाली. नवरात्रात तर नऊ दिवस रोज पूजा आणि रोज पाणी. गाडी आणखी बिघडत गेली आणि आत्यांची भक्ती आणखी वाढत गेली.

शेवटी गाडी मोठ्या टेम्पोवर चढवून पुण्याला पाठवली. तिथल्या चकचकीत वर्कशॉपमधून फोन आला. सगळं वायरिंग आणि एक मुख्य यंत्र, जे म्हणे गाडीचा मेंदू आहे, बदलावं लागेल. अडीच लाखांच्या वर. आणि बदलल्यावर नक्की बरी होईल का विचारलं तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तसं आत्ताच सांगता येणार नाही."

मी काही वेडी नाही. हॉलमध्ये दोन जुनी मशीनं धागा खात होती, ती बदलायला पैसे बाजूला काढले होते. त्यातूनच शिवणाऱ्या बायकांची दिवाळी करायची होती. ते पैसे गाडीत घालणं मला शक्य नव्हतं. यांनी टेंभुर्णीचा एक जुन्या गाड्या घेणारा माणूस शोधला. तो गाडी फोडून पार्ट विकतो. भंगारापेक्षा जरा बरा भाव त्यानं फोनवर सांगितला. हे म्हणाले, "रविवारी नेऊन देऊ. मी शब्द दिलाय."

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मी हॉलवर जाऊन बायकांवर उगाच ओरडले, मग सगळ्यांना चहा पाजला. आपल्या नावावरची एकमेव वस्तू कुणीतरी पान्यानं खोलून तुकड्यातुकड्यांनी विकणार, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. घरात कुणाला त्याचं काही नव्हतं असं नाही. पण व्यवहार ठरला होता आणि मीच तो कबूल केला होता.

पुण्याहून परत आलेली गाडी पोर्चमध्ये काचा बंद करून उभी होती. ऑक्टोबरचं ऊन. दिवाळी तोंडावर, म्हणून मी घरात अनारशांना तांदूळ भिजत घातले होते. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना एक आंबुस, दमट, थोडा गोडसर वास येतो. तो वास आवडणारे लोक असतात, मी त्यातली आहे. त्या दिवशी दुपारी तांदूळ उपसून पंच्यावर पसरले, हात पुसले आणि गाडीतली माझी कागदपत्रं काढून घ्यायला बाहेर आले. विकायचीच आहे तर आपलं सामान तरी काढावं. दार उघडलं.

आतून तोच वास आला.

मी हात हुंगून बघितले. हाताला होताच. म्हणून आत जाऊन साबणानं हात धुतले, परत आले आणि परत दार उघडलं. तोच. थोडा जास्त कुजका, पण भिजल्या तांदळाचाच. हा वास गाडीत बरेच दिवस होता. हे म्हणायचे एसीचा आहे. मिस्त्रीनं त्याच्यावर उपाय म्हणून आरशाला मोगऱ्याच्या वासाची बाटली टांगली होती. मोगऱ्याखाली तांदूळ दबून गेले होते आणि आमच्या कुणाच्या नाकाला ते उमगलं नव्हतं. आज बाटली संपली होती.

गाडीत कुठेतरी तांदूळ भिजत पडले आहेत, एवढं मला पक्कं कळलं. पाणीही आहे, कारण नुसते तांदूळ आंबत नाहीत.

मी पदर खोचला. डाव्या बाजूच्या सीटपुढची चटई उचलली, तिच्याखालचा गालिचा ओढला. वरून कोरडा होता. खालचा फोम दाबला तर मनगटापर्यंत हात भिजला. त्या फोमच्या खाली एक काळी प्लास्टिकची पेटी होती आणि तिच्यात वायरींचे जाड झुबके गेले होते. गाडीचा मेंदू तो हाच. बिचारा किती महिने पाण्यात पाय सोडून बसला होता कोण जाणे.

आता पाणी येतंय कुठून. मी बॉनेट उघडलं. काचेच्या खाली आडवी जाळी असते, हवा आत घेण्यासाठी. तिचा एक कोपरा कारखान्यात असल्यापासून तुटलेला. मिस्त्रीला फोन केला, त्यानं फोनवर सांगितलं की रबराची पट्टी ओढायची, मग क्लिपा काढायच्या. मी कात्रीच्या टोकानं क्लिपा काढल्या. जाळी उचलली आणि खाली बघितलं, आणि मला हसावं की रडावं ते कळेना.

खाली एक पन्हळ होती, पावसाचं पाणी गाडीच्या बाहेर सोडणारी. ती काठोकाठ भरली होती. सडलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा काळा लगदा, त्यात फुगून दुप्पट झालेले कुंकवाचे तांदूळ, कडुनिंबाची पानं, विरघळलेली हळद. आणि पाणी जाण्याचं जे भोक होतं, त्यात एक सुपारी, ठोकून बसवलेल्या बुचासारखी घट्ट. दर शुक्रवारचा तांब्या या पन्हळीत येत होता, सुपारीपाशी अडत होता आणि वाट शोधत हवेच्या भोकातून आत उतरत होता. आम्ही दर आठवड्याला गाडीचा मेंदू बुडवत होतो, आणि तो गुदमरला की आणखी पाणी घालत होतो.

मी सुपारी सुईच्या टोकानं उकरून काढली. भुळकन आवाज झाला आणि सगळं पाणी चाकामागून खाली फरशीवर पडलं. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

मिस्त्री लगेच आला. पेटी खोलली तेव्हा आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. त्यानं जुन्या दात घासायच्या ब्रशनं आणि सफाईच्या औषधाच्या फवाऱ्यानं त्या घासल्या. मग म्हणाला, "ताई, अब इसकू दो दिन चावल के डब्बे में रखो. मोबाइल भीगा तो रखते ना, वैसा."

मी म्हणाले, "मिस्त्री, तांदूळ सोडून कशातही ठेवते."

माझ्या हॉलमध्ये इस्त्रीचं मोठं टेबल आहे. गाडीचा मेंदू मी गणवेशाच्या कापडात गुंडाळून त्या टेबलाच्या कोमट कडेला ठेवला. बायका येता-जाता विचारायच्या, "ताई, बाळ कसं हाय?" शनिवारी मिस्त्रीनं तो परत बसवला. मी किल्ली फिरवली. दिवे सगळे एकदा लागले, जसे लागायला हवेत तसे, आणि सगळे विझले. काचा वर गेल्या आणि वर राहिल्या. वायपर गप्प. मिस्त्रीनं कामाचे जेवढे मागितले त्याच्यात गाडीचा एक वायपरसुद्धा आला नसता.

आत्यांना सांगणं बाकी होतं. मी मऊ भाषेत सांगायचं ठरवलं होतं, पण मला मऊ जमत नाही. लगदा एका ताटात काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि काय झालं ते सरळ सांगितलं. त्यांनी तांदळाचा एक फुगलेला दाणा बोटात घेऊन बघितला. तो परत ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच मारत हुते व्हय तिला."

"मारत नव्हता आत्या. जास्त लाड करत होता."

"मंग आता पूजा कुटं करू?"

"चाकाची करा. चाकाला काही होत नाही."

त्यांनी विचार केला. "पानी?"

"चाकालाच घाला. कितीबी."

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं, पण ताट त्यांनी स्वतः उचललं आणि लगदा तुळशीच्या कुंडीत घातला. देवाचं होतं ते, टाकून कसं द्यायचं, म्हणाल्या.

यांना मी पोर्चमध्ये उभं करून गाडी चालू-बंद करून दाखवली. ते म्हणाले, "आज चालू झाली. उद्याचं काय? मी शब्द दिलाय त्या माणसाला." त्यांचं चुकत होतं असं नाही. मागेही दोनदा गाडी बरी झाल्यासारखी वाटून परत पडली होती. मग मी म्हणाले, "ठीक आहे. उद्या टेंभुर्णीला जायचंच आहे. मी चालवते. वाटेत एक जरी दिवा लागला, तर किल्ली मी माझ्या हातानं त्या माणसाला देईन आणि परत या गाडीचं नाव काढणार नाही. नाही लागला, तर ती घरी परत येईल आणि तुम्ही तिचं नाव काढायचं नाही."

"एकबी दिवा," ते म्हणाले.

"एकबी दिवा."

ते खुशीत झोपायला गेले. त्यांना खात्री होती.

रविवारी सकाळी आत्या नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर आधीच जाऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "तिला सोडायला जायाचं तर मी नगं व्हय?" असं त्यांचं म्हणणं पडलं. हे पुढे माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी रस्त्याकडे न बघता काट्यांकडे बघायला सुरुवात केली. चिंचोळी गेली. मोहोळ आलं, गेलं. गाडी अशी चालली होती की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. हवेच्या फुग्यांवर ती रस्त्यातले खड्डे पोटात घालत होती, मागे आत्यांच्या हातातला चहाचा कप हलत नव्हता. इतक्या खर्चाची गाडी लोक का घेतात याचं उत्तर त्या रस्त्यावर होतं. पण दर वळणावर वाटायचं, आता लागेल. आता लागेल. मी मनातल्या मनात त्या पेटीशी बोलत होते की आजचा दिवस तेवढा सांभाळ.

मोडनिंब ओलांडलं आणि टिंग असा आवाज होऊन पिवळा दिवा लागला.

हे नुसते सरळ बसले, पाय नीट घेतले आणि म्हणाले, "लागला."

पैज माझी होती, शब्द माझा होता. थोड्या अंतरानं रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि मगच त्या दिव्याकडे नीट बघितलं. त्याच्यावर पंपाचं चित्र होतं.

"हा पेट्रोलचा आहे," मी म्हणाले.

"दिवा तर हाय," ते म्हणाले.

"पेट्रोल कुणी भरलं नाही? काल मी म्हणाले होते टाकी भरून ठेवा."

"विकायच्या गाडीत तेल कशाला घालायचं? टेंभुर्णीपुरतं हाय की." आणि ते पुढे म्हणाले, "ठरलं काय होतं? एकबी दिवा."

तिथे, हायवेच्या कडेला, उसाचे ट्रॅक्टर बाजूनं जात असताना, आम्ही दोघं भांडलो. ठरलेलं ते ठरलेलं, असं त्यांचं. पेट्रोल न घालण्यात गाडीचा काय दोष, असं माझं. आवाज वाढले. तेव्हा मागून आत्यांनी मुलाच्या खांद्यावर बोट टोचलं.

"मला सांग. तुला भूक लागली तर तू आजारी असतूस व्हय?"

हे परत काट्यांकडे बघायला लागले.

"न्हाय की," त्याच म्हणाल्या. "मंग तिला का आजारी म्हंतूस? उपाशी आनलीस तिला. चल गं, घे पुढं."

मी गाडी पुढे घेतली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसण्याचं होतं. दुसरा कुठलाही दिवा लागला नाही. टेंभुर्णी आली.

जुन्या गाड्या घेणारा माणूस त्याच्या वाड्यासारख्या लांबलचक शेडपुढे खुर्ची टाकून बसला होता. शेडमध्ये दारं, काचा, सीटा रचून ठेवल्या होत्या. दिलेला शब्द मोडायचा तर तोंडावर जाऊन सांगावं म्हणून मी उतरले. तो आधीच उठून गाडीभोवती फिरायला लागला होता. चारी कोपऱ्यांवर जोर देऊन त्यानं फुगे बघितले. खाली वाकून तेल बघितलं. बॉनेटला कान लावला. आत बसून काचा खाली-वर केल्या, मग परत खाली-वर केल्या.

"साहेब, तुमी तर म्हणला गाडी बंद हाय," तो यांना म्हणाला.

"होती," हे म्हणाले.

"मग हिला फोडायचं कशाला? ही मी तशीच विकतो की." आणि त्यानं नवा आकडा सांगितला. मी कारखानदाराला दिले होते त्याच्याहून जास्त. फुगे, पंप, बॅटरी, सगळं निघून वर हातात राहिले असते. हॉलमध्ये दोनाच्या जागी चार मशीनं आली असती.

मी खरं सांगते, क्षणभर मी थांबले. मी धंदा करणारी बाई आहे, आकडा मला कळतो. यांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे बघितलं. मागच्या काचेतून आत्या बघत होत्या आणि त्यांनी दाराचं हॅण्डल दोन्ही हातांनी धरलं होतं.

"नाही द्यायची," मी म्हणाले.

तो माणूस यांच्याकडे वळला. "साहेब, बाईस्नी समजवा जरा. हा भाव परत मिळायचा न्हाय."

"लग्न झाल्यापासून समजावतोय," हे म्हणाले. "तुमी बघा जमतंय का."

तो हसला, मीही हसले. त्यानं मागवलेला चहा पिऊन आम्ही निघालो.

चौकातच पेट्रोल पंप होता. मी गाडी लावली. पंपावरचा माणूस सरळ यांच्या खिडकीपाशी गेला, मोठ्या गाडीत पुरुष बसला की सगळे जातात तसा, आणि वाकून म्हणाला, "साहेब, कितीचं टाकू?"

यांनी खिशात हात घातला. मला वाटलं पाचशे काढतील. त्यांनी पाकीट बाहेर काढलं, मांडीवर ठेवलं, आणि मानेनं माझ्याकडे दाखवलं.

"मालकीणबाईंना विचार. गाडी त्यांची हाय."

तो माणूस पुढून वळसा घालून माझ्या खिडकीपाशी आला. मी काच खाली केली. त्यानं तेच परत विचारलं.

"फुल करा," मी म्हणाले.